कॉफीच्या रंगाच्या फळ्या राखाडी पडल्या, लाकूड गेलं का?

गच्चीवाली_बडोदा:
मांजलपूरला आमच्या गच्चीवर दोन वर्षांपूर्वी थर्मोवुडच्या, म्हणजे वाफेत भाजलेल्या लाकडाच्या, फळ्या टाकल्या, पाइनच्या. तेव्हा रंग अगदी कडक कॉफीचा. आता पश्चिमेकडची बाजू पार राखाडी, जिन्याच्या छपराखालची मात्र तशीच तपकिरी. परवा उत्तरायणासाठी गच्ची आवरताना सासूबाईंचा जुना पाटा सरकवला, तर खाली पाट्याच्याच आकाराचा नवाकोरा तुकडा! "आणि तुम्ही तो भंगारात द्यायला निघाला होतात," इति सासूबाई. विकणारा छातीठोक म्हणाला होता, उन्हापावसात काही होत नाही. केसासारख्या चिराही दिसताहेत. कुजतंय का?

रंधा_पटाशी:
ताई, ऊन लाकूड कुजवत नाही, पाणी कुजवतं. विकणाऱ्यानं अर्धंच सांगितलं. फिनलंडच्या पद्धतीत बाहेर वापरायचं पाइन वाफेत साधारण २१२ अंशांवर भाजतात. त्यात हेमिसेल्युलोज (लाकडातला पाणी ओढणारा घटक) मोडतं, लाकूड पाणी कमी ओढतं, कमी फुगतं आणि बुरशीला सहज दाद देत नाही. पण लिग्निन (तंतूंना बांधून ठेवणारा घटक) राहतंच, आणि अतिनील किरण नेमकं तेच फोडतात. पावसानं ते धुऊन गेलं की वर उरतो फिकट तंतू. भाजल्याचा तपकिरी रंग त्यामुळे उन्हात टिकत नाही. हे सगळं वरच्या पातळ थरातच होतं. खिळ्याचं टोक दाबून बघा. कडक लागलं तर फळी शाबूत.

सागवान_प्रेमी:
वरच्यांशी सहमत, पण चिरांकडे दुर्लक्ष नको. तिथं पाणी मुरतं. शिवाय भाजलेलं लाकूड जरा ठिसूळ होतं, त्यावर पाण्याची टाकी वगैरे ठेवू नका. आणि पारदर्शक व्हार्निशच्या भानगडीत पडूच नका! अतिनील किरण आरपार जातात, खालचं लाकूड सुटतं आणि वरचा थर पापुद्र्यासारखा निघतो. आमच्या झोपाळ्याच्या पाटावर हा उद्योग मी करून बसलोय, चार दिवस खरवडत होतो. रंगद्रव्य असलेलं तेल लावा, तो रंगच उन्हाला आडवा येतो. फिकट झालं की पुन्हा हात मारायचा. वाळवीचं वेगळं बघा, भाजलं म्हणजे वाळवी लागत नाही असं नाही.

गच्चीवाली_बडोदा:
खिळा दाबला. एकाही फळीत शिरला नाही, फक्त नळाखालच्या फळीचं टोक भुसभुशीत लागलं. तिथं पाणी साचत होतं, म्हणजे दोष उन्हाचा नाहीच. एका कोपऱ्यात काचकागद घासला, चार-पाच हातांत कॉफी वर आली! मिस्त्रींना ते टोक कापून फळीखाली हवा खेळेल असं बसवायला सांगितलंय. तेल मात्र उत्तरायण झाल्यावरच, नाहीतर पोरांचे पाय, मांजा आणि उंधियूची ताटं, सगळं तेलात माखेल.