वातानुकूलित खोली आणि वेतनश्रेणी

वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकाला रेल्वेच्या लोको पायलटपेक्षा दुप्पट वेतन का, असा प्रश्न वर एका सदस्यांनी विचारला आहे. तफावत खरी आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरणात नियंत्रक ४०,००० ते १,४०,००० रुपयांच्या श्रेणीत रुजू होतो, तर सातव्या वेतन आयोगानुसार सहायक लोको पायलटचे सुरुवातीचे मूळ वेतन १९,९०० रुपये आहे. अर्थात, गाडी चालवल्याचा किलोमीटरनिहाय भत्ता त्याला वेगळा मिळतो, त्यामुळे केवळ मूळ वेतनांची तुलना अपुरी ठरते. शिवाय नियंत्रकाला अभियांत्रिकीची किंवा भौतिकशास्त्र व गणितासह विज्ञानाची पदवी लागते. सहायक लोको पायलटला दहावीनंतर आयटीआय पुरते.

राहिला खोलीचा मुद्दा. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते, आणि त्या एकीवरून गर्दीच्या तासाला चाळीसहून अधिक विमाने उतरवताना व सोडताना दोन उतरणाऱ्या विमानांमधल्या जेमतेम फटीत तिसऱ्याला उड्डाणाची परवानगी द्यायची की नाही, हे नियंत्रकाला काही सेकंदांत ठरवावे लागते. तिथे वातानुकूलन यंत्रांसाठीही असते, हे जाता जाता सांगतो. मात्र रात्रपाळी, वैद्यकीय चाचण्या आणि क्षणभराच्या चुकीची किंमत लोको पायलटच्याही वाट्याला येतेच. त्यामुळे नियंत्रकाचे वेतन मला अवाजवी वाटत नाही. कमी वाटते ते इंजिनातल्या माणसाचे.