स्वतःची जर्सी विकली म्हणून चार सामने बाहेर?

अटलांटाकर:
ऑफिसात परत जुना वाद निघाला. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठाच्या संघातल्या फुटबॉलपटू ए. जे. ग्रीननं अंगावरची जर्सी हजार डॉलरला विकली. 2010 मध्ये एनसीएएनं (तिथल्या कॉलेज खेळांचे नियम करणारी संस्था) त्याला चार सामने बाहेर बसवलं, वर हजार डॉलर दान करायला लावले. तेव्हा विद्यापीठाच्या दुकानात त्याच्याच 8 नंबरच्या जर्सी खुशाल टांगलेल्या! 2021 पासून खेळाडू स्वतःच्या नावावर रीतसर कमावतात. माझं म्हणणं, खेळात लबाडी नसेल तर पात्रता लगेच परत द्या.

हातभट्टी_बंद:
दारूबंदी उठली म्हणून कालचा हातभट्टीवाला निर्दोष ठरतो का? जर्सी घेणारा एनसीएएच्या व्याख्येत एजंट, म्हणजे खेळाडूच्या नावावर धंदा करणारा दलाल, बसत होता, हे सोयीस्कर गाळलंत. संघातल्या बाकीच्यांनाही पैसे हवे होतेच की. त्यांनी नियम पाळला, ते काय येडे?

अटलांटाकर:
बरं, मग बास्केटबॉलवाल्या जेम्स वाइजमनचं सांगा. 2017 मध्ये नॅशव्हिलहून मेम्फिसला बिऱ्हाड हलवायला त्याच्या आईला पेनी हार्डवेनं 11,500 डॉलर दिले. हार्डवे तेव्हा शाळेचा कोच. पण 2008 मध्ये त्यानं मेम्फिस विद्यापीठाला दहा लाख डॉलर दिलेले, म्हणून तो कायमचा ‘बूस्टर’, म्हणजे विद्यापीठाच्या खेळांचा देणगीदार; त्याच्याकडून खेळाडूच्या घरच्यांनी पैसे घेणं नियमाबाहेर. पुढे तोच विद्यापीठाचा कोच झाला. पोराला या पैशांची कल्पना नव्हती, असं विद्यापीठच म्हणालं. तरी 2019 मध्ये 12 सामने बंदी, आणि 11,500 दान कर! ज्याला कमवायलाच बंदी, त्यानं आणायचे कुठून? डिसेंबरात पोरगा कॉलेज सोडून गेला. पुढच्या वर्षी एनबीएत दुसऱ्या क्रमांकावर निवड.

हातभट्टी_बंद:
म्हणजे त्याचं काही अडलं नाही. आणि तो अपात्र ठरू शकतो असं एनसीएएनं कळवल्यावरही कोर्टाच्या आदेशावर विद्यापीठानं त्याला खेळवलं, ही कोणाची मुजोरी?

लेन_आठची_आई:
दोघांनाही स्टारच दिसतात. माझी मुलगी कॉलेजच्या पोहण्याच्या संघात आहे. परवा रात्री अकराला फोन, “आई, कोचच्या ओळखीचे एक काका सगळ्यांना जेवायला नेतायत, जाऊ का?” फुकटचं जेवणही नियमात अडकेल म्हणून बिर्याणी खायच्या आधी नियमावली बघणारी पोरगी! नियम मोडला तर कॉलेज स्वतःच खेळाडूला अपात्र ठरवतं, आणि पात्रता परत मिळवायचा अर्जही कॉलेजच करतं. मुलीला थेट करता येत नाही. स्टारसाठी वकील धावतील. आठव्या लेनवालीसाठी तो कागद कोण हलवणार?

अटलांटाकर:
हे लक्षातच आलं नव्हतं. गेली का मग जेवायला?

लेन_आठची_आई:
नाही. खोलीत मॅगी.

हातभट्टी_बंद:
ताई, अर्ज खेळाडूला थेट करता यावा, हे शंभर टक्के मान्य. स्वतःच्याच सामन्यावर पैज लावणाऱ्याला मात्र अर्जाचीही सोय नको.

अटलांटाकर:
पैजेचं मलाही मान्य. आणि जर्सीचं?

हातभट्टी_बंद:
नाही म्हणजे नाही. चार सामने बरोबरच होते.