स्केटपार्कवर ॲक्शन फोटो: क्षण निसटतो, उडी ठेंगणी दिसते

शटरबटण
मुंबईत कार्टर रोडच्या स्केटपार्कवर संध्याकाळी पाच ते सात या वेळात फोटो काढते. कॅमेरा कॅनन २००डी, लेन्स १८-५५ आणि ५५-२५०. स्पोर्ट्स मोडवर धडाधड फ्रेम घेऊनही किकफ्लिपचा (उडीत फळी स्वतःभोवती फिरवायची ट्रिक) नेमका क्षण सापडत नाही. पाय आणि फळी पुसट येतात. आणि समोर दोन फूट उंच वाटलेली ऑली (फळीसकट साधी उडी) फोटोत वीतभर दिसते. सूर्य मावळला की तर सगळंच काळं. नवी लेन्स घ्यायची की माझंच काही चुकतंय?

कोपिंग_कडा
लेन्स घेऊ नका, आधी स्पोर्ट्स मोड सोडा. शटर कॅमेऱ्याच्या हाती दिलं की उजेड कमी झाल्यावर तो १/२५० सेकंदावर येतो. ताशी १५ किलोमीटरने येणारा स्केटर म्हणजे सेकंदाला ४ मीटरच्या वर. १/२५० मध्ये तो १६-१७ मिलिमीटर सरकतो, १/१००० मध्ये ४. पुसटपणा इथून येतो. शटर प्रायॉरिटीवर (शटरचा वेग तुम्ही ठरवायचा तो मोड) १/१००० ठेवा, फ्लिप असेल तर १/१६००. सूर्यास्ताच्या तासभर आधी एफ/५.६ (लेन्सचं छिद्र) आणि १/१००० ला साधारण आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० लागतो. त्याने फोटोत येणाऱ्या कणांना घाबरू नका, हललेला पाय नंतर दुरुस्त होत नाही.

बर्स्टचं (सलग धडाधड फ्रेमचं) गणित असं: २००डी सेकंदाला ५ फ्रेम देतो, म्हणजे दोन फ्रेममध्ये ०.२ सेकंद. तेवढ्यात किकफ्लिपची फळी अर्ध्याहून जास्त फिरून गेलेली असते. त्यात रॉ फाइल असेल तर सहाएक फ्रेमनंतर बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) भरतो आणि कॅमेरा अडतो. म्हणून एकच फ्रेम, पण वेळ साधून. स्केटरचे गुडघे पहा. ते सगळ्यात खाली गेले की बोट तयार, टेल (फळीचं मागचं टोक) आपटल्याचा ‘टॉक’ आवाज आला की दाबा. तुमच्या बोटाला आणि कॅमेऱ्याला मिळून लागणारा वेळ साधारण उडीच्या माथ्याशी जुळतो. उडी छोटी असेल तर मात्र आवाजाची वाट पाहू नका, गुडघे सरळ व्हायला लागले की लगेच दाबा. किकफ्लिपमध्ये फळी पूर्ण फिरून ग्रिप टेपची (पाय ठेवायची खरखरीत) बाजू वर आलीय आणि मागचा पाय तिच्यावर टेकतोय, तो क्षण हवा. चाकं आभाळाकडे असलेली फ्रेम जाणकार स्केटर नाकारतो.

जमिनीलगत
उंचीचा प्रश्न लेन्सचा नाही, तुमच्या डोळ्यांच्या उंचीचा आहे. उभं राहून काढलं की फळी आणि जमीन एकमेकींवर येतात, मधली हवाच दिसत नाही. कॅमेरा जमिनीपासून वीतभर वर ठेवा. २००डीचा स्क्रीन बाहेर वळतो, लाइव्ह व्ह्यूमध्ये आडवं पडायची गरज नाही. चाकांच्या खाली आभाळाची पट्टी दिसली की उडी खरी वाटते.

त्या जागी ऑटोफोकसवर विसंबू नका. १८ मिमी, एफ/८. स्केटर जिथून पॉप करणार (टेल आपटून उडणार) तिथे एखाद्याचा बूट ठेवा, त्यावर फोकस करा आणि लेन्सवरचं बटण एमएफला (मॅन्युअल फोकसला) सरकवा. फोकस २ मीटरवर असेल तर साधारण १ मीटरपासून पुढचं सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. नंतर झूमला हात लावायचा नाही, नाहीतर फोकस पुन्हा करावा लागतो.

फिशआय (फार रुंद, वाकडं दाखवणारी लेन्स) हवीच वाटली तर सॅमयांगची ८ मिमी एफ/३.५ तुमच्यासारख्या क्रॉप (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यासाठीच आहे, पूर्ण मॅन्युअल. एफ/८ ला फोकस अर्ध्या मीटरवर ठेवला की पाव मीटरपासून अनंतापर्यंत काम होतं. पण तिचा फायदा फळी लेन्सपासून हातभर अंतरावर असतानाच. तीन मीटरवरून स्केटर मुंगीएवढा होतो. पुढची काच फुगीर असते आणि सुटलेली फळी बरोबर तिथेच येते. स्केटरशी आधी बोला, ‘बेल केलंस (ट्रिक अर्धवट सोडलीस) तर फळी कुठे जाईल?’ हे विचारा, आणि त्या बाजूला बसू नका.

आणखी एक, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. स्केटर कुठून निघाला आणि कुठे उतरणार, हे दोन्ही फ्रेममध्ये हवं. लेज (कट्टा) किंवा कोपिंग (रॅम्पची कड) फ्रेमबाहेर कापलं तर ती नुसती हवेतली उडी राहते, ट्रिक उरत नाही.

शटरबटण
स्क्रीन वळतो हे माहीत असून वापरलाच नव्हता! अंधार पडल्यावर काय? गोडॉक्सचा टीटी६०० फ्लॅश मिळतोय. हायस्पीड सिंक (वेगवान शटरलाही फ्लॅश चालवायची सोय) वापरू का?

कोपिंग_कडा
अंधारात नको. हायस्पीड सिंकमध्ये फ्लॅशची ताकद दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) किंवा जास्तच जाते. साधा सिंक ठेवा, २००डीला शटर १/२०० पर्यंत. इथे हालचाल शटर गोठवत नाही, फ्लॅशची चमक गोठवते, म्हणून पॉवर कमी ठेवायची. पूर्ण पॉवरला चमक लांबते आणि फळीची कड पुन्हा पुसट होते. १/८ पॉवर, फ्लॅशचा झूम ५० मिमी, फ्लॅश स्केटरपासून ५ मीटर, एफ/५.६, आयएसओ ४००. सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटं थांबा. आजूबाजूचा उजेड फ्लॅशपेक्षा दोन स्टॉप कमी नसेल तर पायाभोवती भुतासारखी दुसरी कड उमटते.

फ्लॅश कॅमेऱ्यावर नको, बाजूला मागे ४५ अंशात. उतरणाऱ्याच्या डोळ्यांत कधीच नाही. आंधळेपणाने उतरलेला माणूस मनगट मोडून घेतो. ट्रिगर (दूरचा फ्लॅश उडवणारं यंत्र) कॅनन कॅमेऱ्यासाठीचाच घ्या आणि दुकानात लावून पहा. (कोणी २००डी मार्क टू वापरत असेल तर त्याच्या हॉटशूला (कॅमेऱ्यावरच्या फ्लॅश लावायच्या खाचेला) मधली पिनच नाही, नुसत्या पिनवर चालणारे ट्रिगर तिथे मुके राहतात.)

जमिनीलगत
समुद्राचा वारा विसरू नका, फ्लॅशला उजेड पसरवणारी छत्री लावूच नका. स्टँडच्या पायाला पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या पिशवीत घालून बांधा. घरी आल्यावर लेन्स आणि हॉटशू किंचित ओल्या मऊ कापडाने पुसून कोरडं करा, खारं दव संपर्कांवर बसतं.

चार_चाकं
स्केटरच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. ट्रिक लँड झाली नसेल तर फोटो कितीही सुंदर असला तरी पोस्ट करू नका. आमच्यात तो खोटा मानतात. स्केटरला तो फोटो हवा असेल तर तोच पुन्हा पुन्हा प्रयत्न करेल, तुम्ही जागा न सोडता थांबा. लहान मुलं असतील तर आधी आईबाबांना विचारा.

आणि दर वेळी ट्रिकच हवी असं नाही. जून १९८७ च्या ट्रान्सवर्ल्ड स्केटबोर्डिंग मासिकाच्या मुखपृष्ठावर ग्रँट ब्रिटन यांनी काढलेला फोटो होता, स्केटर टॉड स्वँक नुसता पाय मारत पुढे जातोय. कार्टर रोडला समुद्र पश्चिमेला आहे, सूर्य पाण्याला टेकताना समोरच असतो. आभाळावर एक्सपोजर लावा, एफ/८, १/१०००, आयएसओ २०० पासून सुरू करा, आणि सकाळपासून स्केट करून दमलेल्या मुलाची घरी जातानाची शेवटची पुश टिपा. पाय जमिनीवरून सुटून मागे पूर्ण ताणला जातो, तेव्हा दाबा.