शास्त्रीय संगीताच्या संग्रहासाठी छोटा म्युझिक प्लेअर आणि सोबतचे सॉफ्टवेअर : काय निवडावे?

घाटमाथा (प्रश्न)

वडिलांकडे सुमारे ३०० ऑडिओ सीडी आहेत. त्यांत बहुतांश हिंदुस्थानी गायन, थोडे नाट्यसंगीत आणि अभंग आहेत. गाणी ऐकवणाऱ्या ऑनलाइन सेवांवर त्यांचा भरवसा नाही, कारण आज तिथे असलेले ध्वनिमुद्रण उद्या असेलच असे नाही. म्हणून हा सगळा संग्रह एकदा लॅपटॉपवर घ्यावा आणि सकाळी फिरायला जाताना खिशात मावेल अशा प्लेअरवर ठेवून द्यावा, असा विचार आहे. लॅपटॉप विंडोजचा आहे आणि खर्चाची मर्यादा २५ ते ३० हजार रुपये. वडिलांच्या दृष्टीने प्लेअरला बटणे असलेली बरी, आणि रागाचे नाव मराठीत दिसले तर उत्तमच. प्लेअर कोणता घ्यावा आणि त्यात गाणी भरण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

द्रुतलय

आपण आधी सॉफ्टवेअर ठरवावे आणि प्लेअर मागाहून निवडावा, असे मी सुचवीन. प्लेअरची बॅटरी काही वर्षांत थकणारच, पण ३०० सीडी पुन्हा एकेक करून संगणकात घालण्याची वेळ कुणावर येऊ नये.

सीडीवरून गाणी उतरवण्यासाठी ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ वापरावे. वाचताना शंका आली तर ते तोच भाग पुन्हा पुन्हा वाचते आणि इतरांनी त्याच सीडीची प्रत काढली असेल तर त्यांच्या निकालाशी आपला निकाल पडताळते. फाइली ‘फ्लॅक’ स्वरूपात ठेवाव्यात. फ्लॅक खुले आहे, त्यात आवाजाचा कोणताही अंश गाळला जात नाही, आणि तासाभराची सीडी, जी मूळ स्वरूपात सुमारे ६३५ एमबी असते, ती साधारण ३०० ते ३५० एमबीत बसते. जुनी मोनो ध्वनिमुद्रणे तर याहूनही कमी जागा घेतात, कारण दोन्ही वाहिन्यांवर एकच आवाज असतो. म्हणजे आपला संग्रह १०० जीबीच्या आसपास जाईल. १२८ जीबीचे कार्ड त्याला काठोकाठ होईल, म्हणून २५६ जीबीचे घ्यावे.

संग्रह सांभाळण्यासाठी विंडोजवर ‘म्युझिकबी’ हे मोफत सॉफ्टवेअर मला सर्वांत सोयीचे वाटते. प्लेअर जोडला की नवी गाणी ते त्यावर चढवते, आणि हवे असल्यास लॅपटॉपवरची मूळ फ्लॅक फाइल तशीच ठेवून प्लेअरवर लहान आकाराची प्रत पाठवते. ॲपलचे आयट्यून्स हे सॉफ्टवेअर मात्र टाळावे, कारण ते फ्लॅक स्वीकारत नाही.

खरा वेळ जातो तो टॅग, म्हणजे प्रत्येक फाइलीत नोंदवायची गायक, शीर्षक वगैरे माहिती, भरण्यात. मराठी आणि शास्त्रीय सीडींची माहिती इंटरनेटवरच्या संग्रहांतून आपोआप मिळेल यावर विसंबू नये. मिळाली तरी कुठे ‘Yaman’ तर कुठे ‘Yeman’ असते आणि एकाच रागाचे दोन कप्पे होतात (क्षमस्व, रोमन अक्षरे मुद्दाम दिली आहेत).

संपादक

वरील प्रतिसादातील रोमन अक्षरे ‘यमन’ व ‘येमन’ अशी वाचावीत.

साधाश्रोता

इतका खटाटोप कशासाठी? एखादा जुना अँड्रॉइड फोन, त्यात मेमरी कार्ड आणि एखादे साधे प्लेअर अ‍ॅप, एवढ्यात काम भागते. सिमकार्ड काढून ठेवले की फोन वाजण्याचाही त्रास नाही. वाचलेले पैसे चांगल्या हेडफोनवर खर्च करावेत. आवाजात फरक पडतो तो तिथेच.

जुनीतबकडी

हेडफोनबद्दल सहमत आहे, परंतु खिशातल्या खिशात बोटाने चाचपून थांबवता येणे ही सोय काचेच्या पडद्यावर मिळत नाही. या मर्यादेत सोनीचा वॉकमन एनडब्ल्यू-ए३०६ पाहावा. तो भारतात २०२३ मध्ये २५,९९० रुपयांना आला होता. त्याच्या कडेला चालू-बंद करण्याची आणि पुढे-मागे जाण्याची बटणे आहेत, मेमरी कार्डाची जागा आहे, साध्या हेडफोनची खाचही आहे. आतली साठवण ३२ जीबी असली तरी काही भाग त्यावर चालणारी अँड्रॉइड प्रणाली स्वतःच व्यापते, त्यामुळे कार्ड घ्यावेच लागेल. सोनीचे विंडोजसाठीचे सॉफ्टवेअर वापरण्याची सक्ती नाही. प्लेअर केबलने जोडून फोल्डर सरळ त्यावर ओढले तरी चालते.

जुन्या आयपॉडचा मोह होत असेल तर एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. ॲपलने २०२२ मध्ये शेवटच्या आयपॉडचीही विक्री थांबवली, त्यामुळे बाजारात मिळतो तो वापरलेलाच. आयट्यून्समधून चढवलेली गाणी त्यात एका लपवलेल्या फोल्डरमध्ये चार अक्षरी निरर्थक नावांनी जाऊन बसतात. आतले टॅग शाबूत असतात, पण संगणकावरची प्रत हरवली तर ती गाणी परत ओळीला लावणे म्हणजे शिक्षाच. ‘रॉकबॉक्स’ ही मोफत प्रणाली त्यावर चढवली तर आयपॉड साध्या डिस्कसारखा वागतो, फ्लॅक वाजवतो आणि पन्नास मिनिटांचा ख्याल जिथे थांबवला तिथूनच पुढे सुरू करतो. हौशी माणसासाठी हे उत्तम आहे, वडिलांसाठी नाही.

घाटमाथा

मनःपूर्वक आभार. वॉकमनकडे कल झुकतो आहे. दोन शंका आहेत. टॅगमध्ये राग आणि ताल कुठे लिहावा? आणि अनेक सीडींवर विलंबित व द्रुत असे वेगळे ट्रॅक आहेत, पण गाणे सलग आहे. तिथे मध्ये खंड पडेल का?

द्रुतलय

खंडाबद्दल आधी सांगतो. एमपीथ्री बनवताना फाइलीच्या आरंभी आणि शेवटी थोडी शांतता जोडली जाते आणि प्लेअरने ती नीट वगळली नाही तर विलंबितातून द्रुतात जाताना ठेका तुटल्यासारखा वाटतो. फ्लॅकमध्ये ही भर नसते, तरीही प्लेअर दोन फाइली सलग वाजवतो ना, हे आपली एखादी सीडी आधी घरी उतरवून, कार्डावर नेऊन दुकानातच तपासावे.

टॅगसाठी म्युझिकबीमध्ये स्वतःचे रकाने करता येतात, परंतु बहुतेक प्लेअर ते दाखवत नाहीत. म्हणून ‘प्रकार’ या रकान्यात रागाचे नाव लिहावे. म्हणजे प्लेअरवर प्रकारानुसार यादी उघडली की रागांची यादी मिळते. ताल आणि लय शीर्षकात घ्यावी, उदाहरणार्थ ‘यमन, विलंबित एकताल’. तबला आणि हार्मोनियमची साथ करणाऱ्यांची नावे टिपणाच्या रकान्यात टाकावीत. ती कलाकाराच्या रकान्यात गेली तर एकाच गायकाचे प्रत्येक साथीदारागणिक वेगळे खाते तयार होते. ‘मारुबिहाग’ की ‘मारू बिहाग’ हे सुरुवातीलाच ठरवून रागांची एक यादी लिहून ठेवावी आणि नावे तिच्यातूनच उचलावीत.

देवनागरीची अडचण स्वस्त प्लेअरवर येते; जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये सहसा तसे होत नाही. आणि संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी, शक्यतो वेगळ्या घरात.