‘मेमरी लीक’ला मराठीत काय म्हणावं? गळती, थकबाकी की बेवारस?

उंबरठा

एका शब्दापाशी अडले आहे, मदत हवी. तंत्रनिकेतनातल्या मुलांसाठी मी क्यूईएमयू या व्हर्च्युअलायझेशनच्या, म्हणजे एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवण्याच्या, प्रोग्रामवर मराठीत टिपणं लिहिते आहे. मुलांना सी भाषा चांगली येते, पण इंग्रजीतले कमिट मेसेज, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी, वाचताना ती अडखळतात. परवा एका छोट्या दुरुस्तीचं वर्णन करायला बसले. एक फंक्शन तीनदा मेमरी मागतं. तिसऱ्या पायरीवर काही बिनसलं की तिथूनच माघारी फिरतं आणि आधी घेतलेल्या दोन जागा सोडायच्या राहून जातात. मी लिहिलं, “अपयशाच्या वाटेवर होणारी स्मृतिगळती थांबवली, कोडची साफसफाई केली.”

आईला वाचून दाखवलं. ती निवृत्त शिक्षिका, मराठीच शिकवायची. ती म्हणाली, “म्हणजे यंत्रालाही विसरायला होतं का गं?” आमच्या शेजारच्या काकूंना स्मृतिभ्रंश झाला आहे, त्यामुळे तिच्या मनात तेच आलं. मी म्हटलं, नाही गं, यंत्राची आठवण जात नाही, जागा जाते. तर म्हणाली, “मग जागा गळते कशी? छप्पर गळतं, नळ गळतो. जागा अडते.”

तेव्हापासून तो शब्द लिहिताना हात थांबतो. लीकला काय लिहू? आणि ‘क्लीनअप’ला साफसफाईच चालेल का?

पागोळी

गळतीच राहू द्या. शाळेतली गळती म्हणतोच की आपण, तिथे कुठे पाणी असतं? गळ् हा मूळ धातू संस्कृतातही आहे आणि त्यात थेंबाथेंबानं, नकळत निघून जाणं आहे. लीक तसंच होतं ना, एकदम नाही, हळूहळू?

मराठीत यासाठी शब्दांची केवढी श्रीमंती आहे बघा. भोकातून पडतं ते गळतं, मातीच्या माठातून येतं ते पाझरतं, जमिनीत जातं ते झिरपतं, थेंब मोजता येतो तेव्हा ठिबकतं. इंग्रजीत एका लीकमध्ये हे सगळं कोंबलेलं आहे.

तिठा

मी म्युनिकला असतो आणि रोजचं काम याच भागातलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उंबरठाताई, तुमच्या आई दोन्ही वेळा बरोबर बोलल्या. यंत्र विसरतं, हेही खरं. प्रोग्राम मेमरी मागतो तेव्हा त्याला त्या जागेचा पत्ता मिळतो. तो पत्ता ज्या चलात ठेवला ते चलच फंक्शन संपल्यावर नाहीसं झालं, तर जागा तिथेच राहते, प्रोग्रामच्या नावावरही राहते, फक्त तिच्याकडे जायची वाट कुणालाच ठाऊक नसते. म्हणजे गळत काहीच नाही. उलट साठत जातं. पागोळी, म्हणूनच गळती मला खटकते. टाकी गळली तर टाकीतलं पाणी कमी होतं; इथे प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, फुगत जाते.

व्हर्च्युअल मशीनमध्ये हे जास्त का बोचतं तेही मुलांना सांगा. लिनक्सवर क्यूईएमयूनं चालवलेली प्रत्येक व्हर्च्युअल मशीन ही होस्टच्या, म्हणजे तिला चालवणाऱ्या खऱ्या संगणकाच्या, दृष्टीनं एक प्रोसेस असते. प्रोग्राम दहा सेकंदांत संपणारा असेल तर त्यानं सोडायची राहिलेली मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या शेवटी परत घेतेच. पण व्हर्च्युअल मशीन महिनोन्महिने बंद होत नाही. माझ्याकडे एका मशीनला 4 जीबी दिले होते आणि होस्टवर तिची प्रोसेस 7 जीबी खात होती. रात्री बॅकअपसाठी एक डिस्क जोडली जायची आणि काढली जायची, दर वेळी थोडं मागे राहायचं. एका रात्रीचं कुणाच्या लक्षातही आलं नसतं. रोज सकाळी आकडा वहीत लिहायला लागलो तेव्हा कळलं.

व्हालग्रिंड नावाचं तपासणीचं साधन आहे, ते अशा जागांची चार गटांत वाटणी करतं: डेफिनिटली लॉस्ट, इनडायरेक्टली लॉस्ट, पॉसिबली लॉस्ट आणि स्टिल रीचेबल. तिथे गळतीचे प्रकार पाडलेले नाहीत, हरवण्याचे पाडले आहेत. ‘नक्की हरवली’, ‘दुसरीच्या मागोमाग हरवली’, ‘कदाचित हरवली’ आणि ‘अजून हाताशी आहे’. मराठी शब्द यातून काढावा असं मला वाटतं.

खतावणी

मी सांगलीकडच्या एका पतसंस्थेत 31 वर्षं हिशेब पाहिले. संगणकातलं कळत नाही, पण तिठासाहेबांनी सांगितलं ते ओळखीचं वाटलं. मेमरी घेणं म्हणजे उचल. ऊसतोडीच्या टोळ्या घेतात ती उचल. सोडणं म्हणजे फेड. आणि फेडायची राहिली ती थकबाकी. ‘मेमरीची थकबाकी’ म्हणा, कुठल्याही गावातल्या मुलाला कळेल. साठत जाते हा अर्थही त्यात आपसूक येतो.

तिठा

काका, उचल हा शब्द मला फारच आवडला. मी आजच टीममधल्या एका मराठी मुलाला सांगितला. थकबाकीला मात्र एक अडचण आहे. थकबाकीत कर्जदार कोण ते माहीत असतं, तुम्ही त्याच्या दारात जाऊ शकता. इथे ती जागा कुणी वापरायची, कुणी परत करायची, हे सांगणारा कागदच हरवलेला असतो.

खतावणी

मग ती बेवारस ठेव झाली. आमच्याकडे अशा ठेवी असायच्या. खातं आहे, रक्कम आहे, पावती कुणाकडे नाही, वारस लागत नाही. खतावणीत दर वर्षी तीच ओळ पुढे ओढायची. एका खात्याची 218 रुपयांची ओळ मी स्वतः 19 वर्षं पुढे ओढली आहे. त्या नावाचा माणूस कधीच आला नाही, पण ती ओळ लिहिताना दर वेळी त्याचा विचार यायचा.

उंबरठा

बेवारस! ‘बेवारस मेमरी’. काका, हे अगदी नेमकं बसतंय. व्हालग्रिंडचे चार गटही मग सहज येतात: बेवारस, बेवारस जागेच्या पोटातली, वारसाबद्दल शंका असलेली आणि वारस असलेली.

हेमाडपंती

चर्चा छान चालली आहे, पण ‘बेवारस’मध्ये ‘बे’ फारसी आणि ‘वारस’ अरबी. पारिभाषिक शब्द पुढे शंभर वर्षं वापरायचा असतो, तो आपल्या मुळांवर उभा असावा. ‘अस्वामिक’ हा शब्द आपल्याकडे तयार आहे. जुन्या धर्मशास्त्रात या प्रश्नाचा विचारही झाला आहे: ज्या धनाचा स्वामी हरवला ते प्रणष्टस्वामिक धन राजानं तीन वर्षं राखावं, तोवर स्वामी आला नाही तर राजानं घ्यावं. ही कल्पना इतकी जवळची असताना उसना शब्द कशाला?

मेयरला महापौर म्हणायला लागलो तेव्हाही लोकांना जड वाटलं होतं. आज कुणाला जड वाटतं?

तिठा

राजाचा दाखला सुंदर आहे. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या प्रोग्रामिंगच्या भाषेसाठी 1959च्या सुमारास नेमकं हेच केलं: कुठूनच पोचता येत नाही अशी जागा भाषेनंच शोधून परत घ्यायची. जावामध्येही तसा राजा असतो. सीमध्ये राजा नाही. ज्यानं घेतलं त्यानंच द्यायचं, आणि जिथून घेतलं तिथेच. क्यूईएमयूमध्ये जी-मॅलॉकनं घेतलेली जागा जी-फ्रीनं सोडतात, पण क्यूईएमयू-मेमअलाइननं घेतलेली असेल तर क्यूईएमयू-व्हीफ्रीनंच सोडावी लागते. हे मुलांच्या टिपणात ठळक लिहा.

पागोळी

हेमाडपंती, ‘वारस’ हा आता उसना राहिलेला नाही. सात-बारावर वारसनोंद असते, तलाठ्याकडे जाऊन ‘अस्वामिक’ म्हणून पाहा. मुलांना शब्द पाठ करायला लावायचा की अर्थ कळायला हवा, एवढाच प्रश्न आहे.

आणि मी गळती पूर्ण सोडलेली नाही. तिठा, तुमच्या क्षेत्रात माहितीही लीक होते ना? तिला काय म्हणता?

तिठा

होते. ती तर फार गंभीर. होस्टनं गेस्टला, म्हणजे आतल्या आभासी संगणकाला, एखादी रचना भरून दिली आणि तिच्यातल्या काही बाइट्स आधी शून्य केल्या नाहीत, तर त्या जागेत पूर्वी जे काही होतं ते गेस्टच्या हाती लागतं. दुरुस्ती अनेकदा एका ओळीची असते: रचना भरण्याआधी मेमसेटनं पुसून घ्यायची. इंग्रजीत हीही लीकच.

पागोळी

मग पाहा, मराठीत हा गोंधळ नाहीच. पेपर फुटतो, गुपित फुटतं, बातमी फुटते. पेपर गळला असं कुणी म्हणत नाही. तेव्हा माहिती फुटते आणि मेमरी… बरं, बेवारस होते. मान्य करायला जड जातंय, पण ‘फुटणे’ पहिल्या अर्थाला दिलं की दुसऱ्याला गळती हवीच असं राहत नाही.

सागरगोटा

उंबरठाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी पाहिलंच नाही. साफसफाई म्हणजे कचरा काढणं. पण कोडचं क्लीनअप म्हणजे नक्की काय करतात?

उंबरठा

उदाहरण देते. जी-मॅलॉकला मेमरी मिळाली नाही तर तो प्रोग्रामच बंद पाडतो, रिकाम्या हातानं परत येत नाही. म्हणजे त्याच्या पुढच्या ओळीत “मिळाली नसेल तर” अशी तपासणी लिहिली असेल तर ती कधीच चालणार नाही. ती काढायची. तसंच जी-फ्रीला रिकामा पत्ता दिला तरी काही बिघडत नाही, म्हणून त्याआधीची अट काढायची. आणि फंक्शनच्या तळाशी ‘फेल वन’, ‘फेल टू’ अशा उतरत्या पायऱ्या असतात, कुठे बिनसलं त्याप्रमाणे गोटू या आज्ञेनं त्या पायरीवर उडी मारायची. एक पायरी चुकली की बेवारस जागा तयार. हल्ली चलाच्या घोषणेतच जी-ऑटोफ्री लिहितात. जीलिब या सीच्या लायब्ररीमध्ये ती सोय 2.44 आवृत्तीपासून आहे. फंक्शनमधून कुठूनही बाहेर पडा, जागा आपोआप सुटते. मग त्या पायऱ्याच लागत नाहीत. प्रोग्राम बाहेरून जसाच्या तसा, आतून नीटनेटका.

सागरगोटा

ही तर शाकारणी! आमच्या राजापुराकडे पावसाच्या आधी कौलं परततात. सगळी कौलं उतरवायची, शेवाळ खरवडायचं, फुटकी बाजूला काढायची, खालचे वासे-रिपा बघायच्या आणि पुन्हा तशीच रचायची. रस्त्यावरून बघणाऱ्याला घर तेच दिसतं. माझे आजोबा प्रत्येक कौलाला बोटानं टकटक करून कानाशी धरायचे. तडा गेलेलं कौल बद्द वाजतं. तडा डोळ्यांना दिसायच्या आधी त्यांना ऐकू यायचा. कोडची शाकारणी म्हणा.

काळवेळ

आमच्याकडे कौलं ‘चाळतात’. ‘परततात’ फक्त थालीपीठ.

सागरगोटा

राजापूर-लांज्याकडे परतणंच म्हणतात, मी लहानपणापासून ऐकलंय. तुम्ही कुठले?

काळवेळ

आजोळ सावंतवाडीजवळ. आजी “नळे चाळूक हवे” म्हणायची, नळे म्हणजे जुनी अर्धगोल कौलं.

हेमाडपंती

शाकारणी सुंदर शब्द आहे, माझा पूर्ण पाठिंबा. पण मग होस्ट आणि गेस्टचं काय? तिठा तेच शब्द वापरत आहेत. ‘यजमान’ आणि ‘अतिथी’ का नकोत? यज् धातूपासून यजमान, म्हणजे जो यज्ञ करवतो तो. घर त्याचं, साहित्य त्याचं, खर्च त्याचा.

उंबरठा

यजमान लिहून पाहिलं होतं. वर्गातल्या एका मुलीनं सांगितलं की तिची आई तिच्या वडिलांना यजमान म्हणते, त्यामुळे “यजमानाची मेमरी संपली” हे वाक्य तिला पुढे वाचवेना.

तिठा

माझा आक्षेप वेगळा आहे. अतिथी म्हटलं की आपण दार उघडं ठेवतो. या कामात पहिला धडा उलटा असतो: गेस्टकडून आलेल्या कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. मे 2015 मध्ये व्हेनम नावाची चूक उजेडात आली. क्यूईएमयूमधल्या फ्लॉपी कंट्रोलरचा तो कोड 2004पासून तसाच होता. गेस्टनं ठरावीक आज्ञा पाठवून बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीच्या जागेत, मावेल त्याहून जास्त भरलं की शेजारच्या जागेवर लिहिलं जायचं आणि तिथून होस्टच्या प्रोसेसमध्ये शिरकाव करता येऊ शकत होता. फ्लॉपी कुणी वापरत नव्हतं, तरी तो कोड हजर होता. अकरा वर्षं शाकारणी झाली नव्हती, असंच म्हणतो आता.

खतावणी

मग मालक आणि कूळ म्हणा. जागा मालकाची, कसणारं कूळ.

पागोळी

काका, कूळ म्हटलं की कूळकायदा आला. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाला कसणारा मालक झाला. आमच्या घराण्यात त्या कागदांवरून दोन पिढ्या बोलत नव्हत्या. गेस्टनं होस्टची जागा कायमची घ्यावी असा अर्थ व्हायला नको. भाडेकरू बरा.

खतावणी

आमची जमीन त्याच दिवशी आमच्या नावावर झाली, पागोळीताई. वडील सातबारा पेटीत ठेवायचे आणि दिवाळीला काढून पुसायचे. कूळ या शब्दात मला काही वावगं दिसत नाही.

पागोळी

दुखावण्याचा हेतू नव्हता, काका. आमच्याकडे तो शब्द दुसऱ्या बाजूनं ऐकलेला, एवढंच.

उंबरठा

आज वर्गात “अपयशाच्या वाटेवर बेवारस होणारी मेमरी सोडली, फंक्शनची शाकारणी केली” असं लिहिलेलं टिपण वाटलं. होस्ट-गेस्ट तसेच ठेवले. बेवारस कुणालाही विचारावा लागला नाही. शाकारणी मात्र तिघांनाच माहीत होती, बाकीच्यांची घरं स्लॅबची. त्यांना सागरगोटांच्या आजोबांचं कौल वाजवून बघणं सांगितलं.

काळवेळ

सागरगोटा, मामाला फोन करून विचारलं. तो म्हणतो नळे ‘चाळतात’ आणि मंगलोरी कौलं ‘परततात’, दोन्ही वेगळी कामं. तुमच्या आजोबांच्या घरावर नळे होते की मंगलोरी?