रतनगड ते हरिश्चंद्रगड, सगळे सामान पाठीवर घेऊन: पाणी, मुक्काम आणि ओझे

पायवाट:
नमस्कार. आम्ही चौघे मित्र पंचेचाळिशीच्या आसपासचे आहोत. येत्या जानेवारीच्या अखेरीस रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगड असा तीन मुक्कामांचा ट्रेक करून तोलार खिंडीने खिरेश्वरला उतरावे, असा विचार आहे. सह्याद्रीत आम्ही बरेच फिरलो आहोत, पण ते सारे एका दिवसाचे ट्रेक होते. हिमालयात दोनदा गेलो, तेव्हा तंबू, शिधा आणि जड सामान खेचरांवर होते, त्यामुळे आमच्या पाठीवर पाण्याची बाटली आणि स्वेटर यांपलीकडे फारसे काही नव्हते. या वेळी मात्र सगळे स्वतः वाहून न्यायचे ठरवले आहे, कारण पुढच्या हिवाळ्यात तोरणा ते रायगड ही वाट याच पद्धतीने करण्याची इच्छा आहे.

काल सॅक भरून वजन केले, तर पाण्याशिवाय प्रत्येकी 16 किलो भरले. पहिला मुक्काम रतनगडावरील गुहेत, दुसरा कुमशेतला आणि तिसरा हरिश्चंद्रगडावर असा बेत आहे. वाटेत पाण्याचा भरवसा कोठे धरावा, तंबू न्यावेत का, आणि हे ओझे आम्हाला झेपेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कातळवाट:
आपला बेत चांगला आहे. मात्र दिवसांची आखणी आपण अंतरावरून केलेली दिसते. या वाटेवर ती पाण्यावरून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. प्रत्येकी तीन लिटर घेतले की आपले 16 किलो 19 होतात, आणि तेवढे ओझे घेऊन घसाऱ्यावरून (सुट्या माती-दगडांच्या निसरड्या उतारावरून) उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते.

कात्राबाईची खिंड हा पाणलोटाचा दुभाजक आहे. अलीकडचे पाणी प्रवरेला मिळून भंडारदऱ्याच्या जलाशयात जाते आणि पलीकडचे मुळेच्या खोऱ्यात उतरते. (पुढे नेवाशाच्या बाजूला या दोन्ही नद्या पुन्हा एकमेकींना भेटतात. खिंडीत उभे राहून हे आठवले की दोन्ही दऱ्या वेगळ्याच दिसू लागतात.) पण दुभाजकाजवळ ओढे नुकते जन्मलेले असतात आणि तेच सर्वांत आधी आटतात. पावसाळ्यानंतर लगेच जे ओढे खळाळताना दिसतात, त्यांवर जानेवारीच्या अखेरीस विसंबू नये. मी स्वतः एकदा मार्चमध्ये ही चूक केली. दीड लिटर पाणी घेऊन निघालो, रानातल्या ओढ्यावर भरून घेऊ असे धरून चाललो, आणि ओढ्यात फक्त तापलेले दगड मिळाले. कुमशेतच्या पहिल्या घरी पोहोचलो तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्या घरातील आजींनी आधी गूळ दिला आणि मग पाणी, तेही थोडे थोडे. त्यामुळे रतनवाडी ते कुमशेत हा टप्पा पूर्णपणे कोरडा आहे असे समजून तीन लिटर घ्यावे. कुमशेत ते पाचनई या टप्प्याला दोन लिटर पुरतील, कारण पाचनईत पाणी पुन्हा भरून घेता येते. हरिश्चंद्रगडावर कातळात खोदलेल्या टाक्यांचे पाणी असते. ते गाळून, उकळून प्यावे.

रानसोबती:
तंबूविषयी माझे मत सांगतो. या वाटेवर चौघांसाठी दोन तंबू म्हणजे विनाकारण पाच-सहा किलो. कुमशेत आणि पाचनई येथे गावकऱ्यांच्या घरी ओसरीवर झोपण्याची आणि जेवणाची सोय होते. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठले आणि ठेचा मिळतो. आधी निरोप पाठवावा आणि ठरलेले पैसे न घासाघीस करता द्यावेत. दोन जेवणांचा शिधा आणि त्यासाठीचे गॅस व भांडी वगळली की आपली सॅक 11-12 किलोंवर येईल. थंडी मात्र कडाक्याची असते, तेव्हा स्लीपिंग बॅग आणि कॅरी मॅट यांत काटकसर करू नये.

हा सारा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. गडावर रात्री राहण्याबाबतचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी वनविभागाकडे चौकशी करावी. जानेवारीत गवत आणि कारवी वाळलेली असते, त्यामुळे रानात शेकोटी पेटवूच नये. कड्यांवर आग्यामोहोळे असतात. धूर, अत्तर आणि आरडाओरडा या तिन्हींनी माश्या उठतात, आणि अवघड जागी पळायला वाट नसते.

कुमशेतहून एखादा वाटाड्या सोबत घ्यावा, असेही सुचवतो. खिंडीच्या आसपास ढोरवाटा इतक्या फुटतात की मळलेली वाट कोणती हे मोबाइलवरील नकाशा पाहूनही कळत नाही.

डोंगरधार:
वरील दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे. पण पहिल्या मुक्कामाबाबत माझे मत वेगळे आहे. रतनगडाच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. भरलेली मोठी सॅक पाठीवर असली की शिडीवर शरीर मागे ओढले जाते, आणि प्रथमच ओझे वाहणाऱ्याने हा अनुभव पहिल्याच दिवशी घेऊ नये. सामान रतनवाडीत ठेवून हलक्या पाठीने गड पाहावा, नेढ्यात (गडाच्या कातळाला आरपार पडलेल्या नैसर्गिक भोकात) बसून अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाईची रांग डोळे भरून बघावी आणि मुक्कामाला खाली यावे. अमृतेश्वराच्या मंदिराचे कोरीवकाम पाहायला संध्याकाळ मोकळी मिळते, हा आणखी एक लाभ. दुसऱ्या दिवशी पहाटे पूर्ण सामानासह निघावे. गडाच्या वाटेवरूनच कात्राबाईच्या खिंडीचा फाटा फुटतो. काही चढ पुन्हा चढावा लागेल आणि नेढ्यातला सूर्योदय हुकेल, हे खरे. त्याची हळहळ मलाही वाटते, तरीही माझा सल्ला हाच राहील.

गडावरून त्र्यंबक दरवाजाने उतरण्याचा मोह झाल्यास आवरावा. ती वाट साम्रदकडे जाते, खिंडीकडे नाही.

तोरणा ते रायगड या वाटेविषयी आत्ताच एक गोष्ट सांगून ठेवतो. तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरून हरपूडमार्गे मोहरीपर्यंत चालणे लांबचे असले तरी सरळ आहे. मोहरीनंतर मात्र घाटमाथा सोडून नाळेने (कड्यांमधल्या अरुंद, उतरत्या घळीने) कोकणात उतरावे लागते. लिंगाण्याच्या सुळक्याला खेटून उतरणारी बोराट्याची नाळ ही ओझे घेऊन प्रथमच उतरण्याजोगी नव्हे; सिंगापूरची नाळ त्या मानाने सौम्य आहे. या वेळी तोलार खिंडीचा उतार पूर्ण सामानासह उतराल, तेव्हा चौथ्या दिवशी गुडघे काय म्हणतात ते लिहून ठेवा. कोणती नाळ घ्यायची, ते त्यावरून ठरवता येईल.

पायवाट:
तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री चौघांनी बसून सगळे पुन्हा आखले. पहिला मुक्काम रतनवाडीत, दुसरा कुमशेतला आणि तिसरा पाचनईत करायचे ठरले आहे. हरिश्चंद्रगडावर रात्र न काढता चौथ्या दिवशी पहाटे पाचनईहून चढायचे, केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडा पाहून दुपारी तोलार खिंडीकडे निघायचे, म्हणजे वर राहण्याच्या परवानगीचा प्रश्नच येत नाही. तंबू बाद केले. पाण्याच्या तीन बाटल्या भरून पुन्हा वजन केले, तर 14 किलो 200 ग्रॅम आले. पुढचे चार रविवार याच वजनाने सिंहगड चढणार आहोत.