ग्रामसभेच्या जंगलावर कार्बन क्रेडिटचा करार करावा का?

अक्राणीकर
राम राम मंडळी. धडगावकडे सामूहिक वनहक्काचं जंगल आहे: साग, सालई, अंजन, मोह. मध्यस्थ ३० वर्षांचा करार घेऊन आलाय. ‘जंगल राखा, क्रेडिट (कार्बन हवेत जाण्यापासून रोखल्याचे दाखले) विकू’ म्हणतो. अशा प्रकल्पांनी जंगल खरंच वाचतं का?

टेपवाला
झाडं मोजण्यात फारशी लबाडी होत नाही. ३१.६ मीटर बाजूचा चौकोन आखा (०.१ हेक्टर) आणि १.३७ मीटर उंचीवर प्रत्येक खोडाचा घेर घ्या. घेर ६३ सेंमी, उंची १० मीटर, लाकूड मध्यम जड, तर जमिनीवरचं सुकं वजन साधारण १३० किलो. गुणिले ०.४७ म्हणजे कार्बन, गुणिले ३.६७ म्हणजे कार्बन डायऑक्साइड: २२५ किलो. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे अशी साडेचार झाडं.

खरी गोम बेसलाइनमध्ये. ‘प्रकल्प नसता तर किती जंगल तुटलं असतं’ हा अंदाज असतो. तो फुगवला की ज्या झाडांवर कुणी कुऱ्हाड घालणारच नव्हतं, त्यांचेही क्रेडिट विकले जातात. ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात २०२३ साली ६ देशांतल्या अशा २६ प्रकल्पांचा अभ्यास आला. बहुतेकांत तोड ठळक घटलेली नव्हती. ज्या १८ प्रकल्पांचा हिशोब लागला, त्यांच्या अपेक्षित क्रेडिटांपैकी जेमतेम ६ टक्क्यांमागे खरी बचत होती. म्हणून आधी विचारा: तुलनेला कोणतं जंगल धरलं? रस्त्याकाठचं रान धरून डोंगरावरच्या जंगलाचा धोका काढला असेल तर तो आकडा खोटा.

जाळरेषा
गळतीही बघा भाऊ, म्हणजे इथली तोड थांबून दुसरीकडे सरकणं. चराई बंद केली की गुरं शेजारच्या गावच्या रानात जातात, सरपणाची मोळीही तिकडूनच येते. तिथली तोड वजा व्हायलाच हवी.

दुसरं, आग. मोह वेचणं सोपं जावं म्हणून फाल्गुन-चैत्रात झाडाखालचा पाला पेटवतात. मोठी झाडं तगतात, पण गुडघाभर रोपं जळतात. मग म्हातारं झाड पडलं की त्याच्या जागी काहीच उभं राहत नाही. अशा नुकसानीसाठी काही क्रेडिट राखीव ठेवतात. किती टक्के ते लिहून घ्या. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) फेब्रुवारीआधी साफ हव्यात, आणि त्या मजुरीचा खर्च कोणाचा, तेही लिहून घ्या.

अक्राणीकर
आणि वाटा? तो ‘नफ्याचे ६० टक्के’ म्हणतोय.

टेपवाला
नफ्याचे नकोच. मोजणी, पडताळणी, नोंदणी, सगळा खर्च आधी वजा होतो आणि सुरुवातीची वर्षं हाती काही येत नाही. वाटा विक्रीच्या रकमेवर मागा. मोह, तेंदूपत्ता, सरपण, चराई यांवर बंदीचं कलम असेल तर ते कापायला लावा. ते हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने तुमचेच आहेत. मराठीतला मसुदा पाड्यापाड्यावर वाचून होईपर्यंत ग्रामसभेत ठराव घेऊ नका.